हट्टी पिन, मोकळी पिन

उन्हाळा तापायला लागला, की आमच्या घरात माळ्यावरून दोन गोष्टी खाली उतरतात. बायको कुरडयांचा सोऱ्या काढते आणि मी ठोकळ्यांची गोणी. प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे, एकात एक टचकन बसणारे, लहान मुलांचे. माझी पन्नाशी केव्हाच मागं पडली, डोक्यावर चंद्र उगवलाय, गुडघे उठता-बसता बोलतात. तरी मी पुढच्या खोलीत चटईवर मांडी घालून ठोकळे खेळतो. लपूनछपून नाही, दार सताड उघडं टाकून. बायको म्हणते, "पाव्हणे यायचेत, तुमचा कारखाना गुंडाळा." मी म्हणतो, "कारखाना सहकारी आहे, सर्वसाधारण सभेशिवाय बंद करता येत नाही."

ठोकळ्यांवर ठोकळे रचून भिंत कुणीही उभी करतं. खरी गंमत पुढं आहे. त्या भिंतीला दार लावायचं, आणि ते दार हललं पाहिजे. हलणारा भाग आला, की माणसाची परीक्षा सुरू होते. हा फिरवायचा कशावर? माझ्या डब्यात त्यासाठी चार जाती आहेत आणि चौघींचे स्वभाव मला बायकोच्या माहेरच्या माणसांइतके पाठ आहेत. पहिली काळी पिन. अंगावर बारीक कंगोरे असतात, भोकात शिरताना कुरकुरते, आणि जिथं ठेवाल तिथं राहते. ही हट्टी पिन. दुसरी करडी, गुळगुळीत, फुंकर मारली तरी गिरकी घेते. ही मोकळी पिन. तिसरी दाती बिजागरी. टक टक करत ठरलेल्या जागीच थांबते, अधलंमधलं तिला मंजूर नाही. आणि चौथी गोळा-वाटी. ती चहूकडं मान वळवते, पुढाऱ्यासारखी. आणि वजन आलं की मान टाकते, तीही पुढाऱ्यासारखीच.

नवशिका विचारतो, यातली मजबूत कोणती? तो प्रश्नच चुकला. विचारायचं ते असं, की या भागाला लोटणारं कोण आहे, आणि लोटणारा निघून गेल्यावर यानं काय करायचं? पवनचक्कीची पाती हट्टी पिनेवर बसवली, तर वारा येऊन दमून परत जातो. यारीचा, म्हणजे ओझं उचलणाऱ्या क्रेनचा, हात मोकळ्या पिनेवर बसवला, तर तो आल्यागेल्याला वाकून रामराम घालतो आणि तसाच राहतो. आज सकाळपासून मी अशाच एका यारीपुढं बसलोय. एक हट्टी पिन लावली तर हात ओझ्यानं हळूहळू उतरतो, म्हातारा खुर्चीत पेंगावा तसा. दोन लावल्या तर जागचा ढळत नाही, पण फिरवायला गेलं की बुडातून ठोकळेच उपटून येतात. बाहेर ऊन नुसतं पांढरं पडलंय. चटईवर घामाचा ठसा उमटलाय. आणि पिन चाचपताना माझ्या बोटांना तो दुसरा उन्हाळा लागतो.

त्या उन्हाळ्याला वास होता. टँकरच्या तापलेल्या रबरी नळीचा, गंजाचा, आणि तळ खरवडून काढलेल्या रांजणाचा. वाळलेल्या शेंगा बाभळीवर खुळखुळायच्या, आणि झोपेतला माणूस बैल आले की काय म्हणून मान वर करायचा; बैल मात्र चारा-छावणीत. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसून ठेवायची. अंघोळ ही गोष्ट लोक लग्नासारखी ठरवून करायचे. पाव्हणा दारात आला, की यजमान "पाणी घेता का?" हे एवढ्या हळू विचारायचा, की पाव्हण्यानंच समजून "आत्ताच पिऊन आलो" म्हणावं. आणि गंमत बघा, दोघंही त्यावर मोकळेपणानं हसायचे. दुष्काळात माणसं कमी हसतात असं कुणी सांगितलं तर खरं मानू नका. घसा कोरडा असला की हसू जरा कर्कश येतं, एवढंच.

दिंद्रुडच्या पलीकडं आमचं गाव. मी तेव्हा तिशीच्या आत-बाहेर होतो आणि गावच्या उपसा सिंचन सहकारी संस्थेचा सचिव होतो. सचिव म्हणजे सभेच्या आधी सतरंजी झटकणारा आणि सभेनंतर भांडणं सोडवणारा. संस्थेचं काम तसं एका दमात सांगता येईल. साठवण तलावातलं पाणी मोटारीनं माळावरच्या हौदात चढवायचं आणि हौदातून दोन शिवारांना वाटायचं. हौदाला पाणी यायचं तोंड एक, जायची तोंडं दोन. डावीकडून वरचं शिवार भिजायचं, उजवीकडून खालचं. चेअरमन आप्पा, त्यांची भावकी, त्यांचे सोयरे, सगळ्यांचे मळे वरच्या शिवारात. बाकी आम्ही खाली. पाणी चढवण्याचं काम यंत्राचं होतं, ते बिनबोभाट व्हायचं. वाटण्याचं काम माणसाचं होतं, तिथं रोज शिमगा.

कारण वाटणी होती लाकडी फळ्यांवर. रखवालदार फळी इकडं सरकवायचा, तिकडं सरकवायचा, आणि दर सकाळी कुणीतरी ओरडत यायचं, की फळी रातीतून सरकली. सरकायची की नाही, देव जाणे. पण त्या वर्षी तलावात गाळाच्या वर हातभर पाणी उरलं, आणि ठरलं, की प्यायचं राखून शेतीला आता पाण्याची एकच पाळी द्यायची, शेवटची. मग मात्र फळीवर विश्वास ठेवायला कुणी तयार होईना. खालच्यांनी सांगून टाकलं, वाटणीची नवी सोय झाल्याबिगर मोटार चालू होऊ देणार नाही.

ही पाळी कुणाला हवी नव्हती? सगळ्यांनाच हवी होती. पण गयाकाकूला ती जशी हवी होती तशी कुणालाच नव्हती. गयाकाकू आमच्या भावकीतली. काका गेल्यावर तिनं त्यांची मोसंबीची बाग एकटीनं जपली. बाग खालच्या शिवाराच्या अगदी शेपटाला, पाणी पोचायचं ते सगळ्यात शेवटी. ऊस वाळला तर पुढच्या साली पुन्हा लावता येतो. बाजरी गेली तर गेली. मोसंबीचं झाड हातचं गेलं, की ते उभं करायला लागलेली सगळी वर्षं त्याच्याबरोबर जातात. त्या दिवसांत तिच्या झाडांची पानं होडीसारखी आत वळली होती. हात लावला की कागदासारखी वाजायची. पाळीचं पाणी पोचलं तर बाग पावसाळा बघणार, नाही तर सरपण. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि चेअरमन आप्पांनाही ठाऊक होतं.

अशा वेळी आमच्या घरात ठोकळे आले! माझ्या मेव्हण्याचा मुलगा मोठा झाला, म्हणून त्यानं त्याचे जुने ठोकळे गोणीत भरून पुण्याहून आमच्या मुलीसाठी पाठवले. आमची मुलगी तेव्हा पाळण्यात अंगठा चोखत होती. चांगली वस्तू पडून राहू नये, म्हणून बापानं जबाबदारी उचलली. आणि मला साथीदार मिळाला नुरूभाई मिस्त्री. दिंद्रुडला रस्त्याकडेला त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॉल्या, कोळपी, लोखंडी दारं, सगळं करायचा आणि कामापेक्षा जास्त बोलायचा. आम्हा दोघांत नाटकी कोण, यावर गावाचं एकमत होत नव्हतं. हौदात बसवायची नवी झडप त्यालाच करायची होती. तो गोणीत कोपरापर्यंत हात घालून म्हणाला, "सचिवसाब, लोखंड काटायच्या आधी लोकांला खेळणं दाखवू. लोखंड चुकलं तर शिव्या बसत्यात. प्लॅस्टिक चुकलं तर हसू."

मग आम्ही दुकानाच्या सावलीत बसून ठोकळ्यांचा हौद बांधला. लाल भिंती, पिवळं बूड, पाणी यायला वर कापलेल्या डब्याचं नसराळं, आणि खाली डावा-उजवा असे दोन कप्पे. मधोमध उभी झडप, तराजूच्या दांडीसारखी मध्यावर तोललेली. पुढचं टोक पाण्याच्या तोंडाशी, मागचं टोक दोन कप्प्यांच्या मध्ये. सगळं जमलं. राहिला प्रश्न एकच. ती मधली पिन कोणती घालायची? नुरूभाई काळी घालायचा, मी करडी घालायचो. तो करडी घालायचा, मी दाती बिजागरी पुढं करायचो. दुकानासमोर नांगराचा फाळ घेऊन आलेलं गिऱ्हाईक घटकाभर बघत उभं राहिलं आणि म्हणालं, "येडे झालेत का बे दोघंबी?" आम्ही एका सुरात म्हणालो, "व्हय."

सभा भरली समाजमंदिरात. मी खांद्यावर उपरणं टाकलं, टेबलावर ठोकळ्यांचा हौद ठेवला, आणि जादूगार कबुतर काढतो तसा खिशातून पहिली पिन काढली. हट्टी. झडप फिरवली, हात सोडला. "बघा मंडळी. जिथं ठेवली तिथं राहते. वारा येवो, पाणी येवो."

खालच्या अंगानं आवाज आला, "ठेवनार कोन?"

चेअरमन आप्पा पांढऱ्याफेक धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "म्या ठेवीन की. चेअरमन हाय म्या."

"म्हनून तर इचारलं!"

सभागृह पोट धरून हसलं. आप्पाही हसले, पण मिशीच्या एकाच बाजूनं. हट्टी पिन नामंजूर.

मग दाती बिजागरी. टक, डावं. टक, मधलं. टक, उजवं. मी प्रत्येक टकीला मान हलवत होतो. एक जण पुढं येऊन, एक डोळा मिटून, टेबलाशी वाकून बघत राहिला. "ह्यो मधला दात वरच्या शिवाराकडं झुकल्यावानी दिसतो."

"तुजी नदरच झुकलीया," आप्पा म्हणाले.

"माजी नदर पान्यानं न्हाई आप्पा, उनानं झुकली."

तीही नामंजूर. आता राहिली मोकळी. मी करडी पिन घातली, झडपेला बोटाचा नुसता स्पर्श केला. ती डुलली. हिच्यात कुणाचा हात नाही, कुणाचा दात नाही; येणारं पाणीच तिला वाटेवर ठेवील, असं नुरूभाईचं म्हणणं. "दाखव की मग," लोक म्हणाले. दाखवायला पाणी हवं. टेबलाखाली पिण्याचा तांब्या होता. मी तो उचलला. सगळ्यांचे डोळे माझ्या हातावर आले, आणि खोलीतलं हसू विझलं. एवढ्या जणांत तो एकच तांब्या होता.

"ए सचिवा!" गयाकाकू भिंतीशी बसली होती, ती ताडकन उठली. "पानी कावून सांडतो रे? जिभंवर पडलं न्हाई चार दिस आन् खेळन्यात वततो? थांब तसाच." ती समोरच राहायची. गेली आणि सुपात ज्वारी घेऊन आली, टपोरी, मोत्यासारखी. "ही घे. दाना सांडला तर येचता येतो."

यात कुणाला काही चुकीचं वाटलं नाही. मला नाही, नुरूभाईला नाही, कुणालाच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. काय शहाणपणाचं बोलली बाई!

तिनं स्वतः सूप तिरपं धरलं. नसराळ्यातून दाण्यांची धार सुटली. सळसळ, सळसळ. खरंच पाण्यासारखा आवाज. मागच्या रांगेतले उठून उभे राहिले, काहींनी डोळे मिटून घेतले; नुसतं ऐकत राहिले. दाणे आधी उजव्या कप्प्यात जास्त पडले. ढीग चढला. ढिगानं झडपेचं मागचं टोक हळूच दाबलं, तसं पुढचं टोक उजवीकडं वळलं, उजवी वाट आवळली, आणि धार डावीकडं गेली. डावा ढीग चढला. झडप परत फिरली. डावं, उजवं, डावं, उजवं. जणू आत कुणी न्यायाधीश बसलाय. सूप रिकामं झालं. दोन्ही कप्प्यांत ज्वारी सारखी. नजरेनं सारखी, काडी लावून सारखी.

"हात नको, रखवालदार नको," नुरूभाई टेबलावर थाप मारून ओरडला, "चेअरमनबी नको!"

"चेअरमन ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले, "मिरवनुकीला लागतो."

ठराव एकमतानं मंजूर झाला. आमच्या संस्थेत हे याआधी घडलेलं नव्हतं. मग सगळे खाली बसून सांडलेले दाणे वेचू लागले. वरचे, खालचे, आप्पासुद्धा. वेचलेलं काकूच्या पदरात टाकत होते. तिचा तो पदर पसरून बसलेला चेहरा मला अजून दिसतो. किती दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी सुटली होती.

नुरूभाईनं लोखंडी झडप केली. देखणी केली. मधल्या खुंटीला बेअरिंगचे छर्रे घातले, ग्रीस भरलं. एका बोटानं फिरायची. हौदात बसवली. पाणी सोडून एकदा बघावं, असं कुणी म्हणालंसुद्धा नाही. बघण्यापुरतं पाणी, ही कल्पनाच त्या उन्हाळ्यात पापासारखी होती. शिवाय पाहिलं होतंच की सगळ्यांनी, समाजमंदिरात, डोळ्यांनी.

पाळीच्या दिवशी सकाळी सगळं गाव माळावर. मोटार सुरू झाली. पाइप घरघरला, आधी वारा आला, मग गढूळ पिचकारी, मग पाणी. खरं पाणी. बायकांनी ओंजळी पुढं केल्या. पोरं किंचाळली. पाणी झडपेच्या पुढच्या टोकावर आदळलं, झडप एकदा डावीकडं डुलली, एकदा उजवीकडं डुलली, आणि लोक "व्वा!" म्हणेपर्यंत धाडकन उजव्या भिंतीला जाऊन चिकटली. खालच्या शिवाराची वाट बंद. सगळं पाणी डावीकडून वरच्या शिवाराला निघालं. आम्ही वाट बघितली. आता परत येईल. ढीग चढू दे. आता येईल.

ज्वारीचा ढीग होतो. पाण्याचा होत नाही. ते पुढं निघून जातं. मागच्या टोकाला दाबायला कुणी थांबतच नाही. उलट पुढून येणारी धार झडपेला आणखी आवळत राहते. किती साधी गोष्ट. त्या सभेत जन्मभर पाणी वळवलेली माणसं होती, पाण्याच्या दांडाच्या आवाजावरून कुठं फुटलंय ते सांगणारी. एकाच्याही तोंडून हे निघालं नाही. मी अजून कधीकधी या चटईवर तो हौद पुन्हा बांधतो. दाणे ओतून बघतो, मग पाणी. बायको फरशी पुसताना कुरकुरते. दाण्यांवर तो आजही न्याय करतो, पाण्यावर आजही पक्षपाती होतो. मला पिनेचं कोडं राहिलेलं नाही. मला कळत नाही ते माणसांचं. पाणी बघून इतके दिवस झाले होते, की पाणी वागतं कसं हेच आम्ही विसरून गेलो होतो? का विसरलो नव्हतो, पण एका तांब्यापुढं ते आठवायची कुणाची छाती झाली नाही?

माळावर तेव्हा कोडी सोडवायला कुणाला वेळ नव्हता. खालच्या अंगाची गडी माणसं नुरूभाईकडं वळली. "कुनाच्या ताटात जेवलास बे नुऱ्या? वरच्यांच्या?" नुरूभाईचा तो बोलका चेहरा पांढरा पडला होता. "अल्ला कसम, मी तर लोण्यासारखी फिरवली होती," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "लोण्यासारखी फिरली म्हनून तर तिकडं गेली," कुणीतरी दात खाऊन म्हणालं. वरच्या अंगानं गलका उठला. कुऱ्हाडीचा दांडा माझ्या डोळ्यांसमोरून गेला. मोटार बंद करायची म्हटलं, तर वीज मोजक्या तासांची; एकदा थांबली की पुन्हा पाणी चढवता चढवता दिवस जाणार. आणि इकडं पाणी चाललंच होतं डावीकडं. आप्पा हौदाच्या काठावर उभे होते. त्यांना वाईट वाटत होतं की नाही, मला सांगता येत नाही. ते पाण्याकडं बघत होते, आणि पाणी त्यांच्या मळ्याकडं चाललं होतं.

तेवढ्यात छपाक् झालं. गयाकाकू लुगड्याचा काष्टा आवळून हौदात उतरली होती. कमरेइतक्या पाण्यात तिनं झडपेला खांदा लावला. झडप हलली, उघडली, पाणी उजवीकडं सुटलं. आणि धारेनं काकूला झडपेसकट पुन्हा भिंतीकडं रेटलं. तिनं पुन्हा रेटा दिला. यावेळी झडप मध्य ओलांडून पार डावीकडं जाऊ लागली, तसा वरच्या अंगानं शिव्यांचा लोट आला.

"आप्पा!" काकू ओरडली. तोंडात पाणी गेलं, ते थुंकली नाही, गिळलं. "उतरा आत."

"मी?"

"मंग कोन? चेअरमन न्हवं तुमी? एका अंगानं म्या, एका अंगानं तुमी. तुमी मला पानी वडू देऊ नगा, म्या तुमाला."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी, देवाशपथ, हात पुढं करून 'या' म्हणालो, लग्नात वरबापाला म्हणतात तसा. आणि ते पांढरंफेक धोतर हौदात उतरलं. फुग्यासारखं वर आलं. एवढ्या तापल्या माळावर, हातात दांडे घेतलेल्या माणसांत, कुणाला तरी हसू फुटलं. मग ते आवरेना. हौदात मधोमध उभी लोखंडी झडप, तिच्या एका अंगाला पाठ लावून गयाकाकू, दुसऱ्या अंगाला पाठ लावून आप्पा. दोघांची तोंडं दोन शिवारांकडं. दोन्हीकडं पाणी चाललेलं.

"आप्पा, लई जोर लावताव."

"तू लावतीस म्हनून लावतो."

"म्या लावते म्हनून तुमी उभे हाव. न्हाई तर व्हावत गेला असता सोयऱ्याच्या मळ्यात."

दिवसभर तसंच चाललं. वरचा एक, खालचा एक, पाठीला पाठ. एकमेकांवर विश्वास ठेवून नव्हे. ठेवत नव्हते म्हणूनच. कुणी जरा ढिला पडला की पाठीला कळायचं. आणि उतरायला भांडणं! कारण कमरेइतक्या पाण्यात उभं राहायला मिळणं म्हणजे त्या उन्हाळ्यातली चैन. लोक ओठांवर जीभ फिरवत पाळीची वाट बघायचे, बाहेर निघायचं नाव घ्यायचे नाहीत. नुरूभाईला कुणी उतरू देईना. तो ना वरचा, ना खालचा. तो हौदाच्या सावलीत गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. दुपारी काकूनंच त्याच्या अंगावर ओंजळभर पाणी फेकलं. "ऊठ रं भाऊ. जवारी माजीच व्हती."

एवढंच बोलली ती. त्या गोष्टीवर पुन्हा कधी कुणी काही बोललं नाही, तिच्यासमोर तर नाहीच.

पण सकाळी जे डावीकडून गेलं ते गेलं. मध्येच वीज कमी-जास्त झाली. मोटारीच्या तोंडाशी गाळ आला. उन्हं उतरता उतरता तलावावरून निरोप आला, की आता चढतंय तेवढंच, वाटेतल्या रानांनी आपापलं घेतलं की शेपटाला थोडं पोचेल. मी आणि काकू बागेकडं निघालो. तिचं ओलं लुगडं वाटेतच वाळलं. बांधावर येऊन ती उभी राहिली आणि बागेवरून नजर फिरवली, घरात बसणाऱ्या पंगतीचा अंदाज घेतात तशी. माझ्या मनात आलं, सगळ्या झाडांना थोडं थोडं दिलं तर? मी तसं बोललोही.

"थोडं थोडं दिलं तर थोडं थोडं मरत्यात," ती म्हणाली. "समदीच."

तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा आणला आणि दातानं त्याच्या चिंध्या फाडायला लागली. दारं धरायला, म्हणजे आळ्याआळ्यात पाणी वळवायला, आलेल्या गड्याला झाडं ओळखता यावीत म्हणून खूण करायची होती. मला वाटलं, ज्यांना पाणी द्यायचं त्यांना बांधायची. मी एका चांगल्या हिरव्या झाडाकडं चिंधी घेऊन निघालो.

"तिला नगं," काकू म्हणाली. "ज्यांला द्यायचं न्हाई, त्यांला बांध. त्यांला तरी कळू दे, कुनी येऊन गेलं म्हनून."

आम्ही ओळीनं जाऊ लागलो. ती झाडाच्या खोडावर हात ठेवायची, कधी वर बघायची, कधी नाही, आणि एक तर पुढं जायची किंवा हात मागं करायची. मी तिच्या हातात चिंधी द्यायचो. वाळक्या पानांचा आवाज सोडला तर बागेत काही नव्हतं. ती रडत नव्हती. 

मधल्या ओळीत कोरड्या पडलेल्या विहिरीजवळ एक मोठं झाड होतं. गावातल्या प्रत्येक बाळंतिणीकडं, प्रत्येक आजाऱ्याकडं मोसंबी जायची ती त्याच झाडाची. दिंद्रुडच्या बाजारातले बागवान टोपली बघून विचारायचे, विहिरीजवळची का? काकू तिथं थांबली. हात मागं केला.

मी चिंधी दिली नाही. "काकू, ही तर सगळ्यात गोड."

"हाय की."

"मग?"

तिनं माझ्या मुठीतून चिंधी ओढून घेतली. पलीकडं पुरुषभर उंचीची कोवळी झाडं होती, एकदाही फळ न धरलेली. तिनं हनुवटीनं ती दाखवली.

"हिची फळं समद्या गावानं खाल्ली हायेत. हिला लोक आठवत्याल. त्या कवळ्यांला कोन वळखतं?"

खोडाभोवती चिंधी फिरवून तिनं गाठ मारली, निरगाठ. तेवढ्यात वरच्या बांधाकडून दांडात पाणी आल्याचा आवाज झाला, मातीनं ओठ मिटून घोट घ्यावा तसा. काकूनं फावडं उचललं, त्या झाडाच्या आळ्याचं दारं बुजवलं, पायानं माती दाबली, आणि पाणी कोवळ्या झाडांकडं मोडून दिलं.